कॉकससाठी पुण्याहून आयोवाला जावं का? (आज सकाळची डिबेट बघून पडलेला प्रश्न)

मुक्काम_कर्वेनगर | 24 ऑगस्ट 2023

कॉकस म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, यावर गावोगावी जमून मत द्यायची सभा. आधी कुंडली सांगतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. 1998 ला अमेरिकेत गेलो, घर आयोवात जॉन्सन काउंटीत. पहिलं मत 2012 ला रॉमनी यांना. रिपब्लिकन म्हणून नोंदणी आहे. कर कमी, सरकार आटोपशीर आणि उधारीवर सण नाही, एवढंच माझं कॉन्झर्व्हेटिव्हपण. मार्चमध्ये आई बाथरूमात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी पुण्यात आहे आणि काम इथूनच करतो.

तर आज सकाळी साडेसहाला लॅपटॉपवर रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांची मिलवॉकीतली पहिली डिबेट लावली. आई वॉकर पुढ्यात घेऊन शेजारी. ती अजून कालच्या चांद्रयानातच आहे. काल संध्याकाळी विक्रम उतरला, पेढे आणायला कुणी मोकळं नव्हतं, तर तिने मला मजल्यावरच्या चार घरांत साखर वाटायला पाठवलं. आज आठ उमेदवार ओळीने उभे दिसल्यावर तिचा पहिला प्रश्न, "यातला नीट उतरेल कोण?"

मी म्हटलं, जो उतरेल असं सगळे म्हणतात तो आलेलाच नाही.

ट्रम्प त्याच वेळी टकर कार्लसन यांना दिलेल्या मुलाखतीत होते, तीही आधीच रेकॉर्ड केलेली. नवरदेव हॉलवर नाही, आणि वऱ्हाडी मानपानावरून भांडताहेत, अशी तऱ्हा. तरी मी दोन तास बघितलं. का, ते सांगतो.

आधी हवामानबदलावर सूत्रसंचालकांनी हात वर करायला सांगितलं. फ्लोरिडाचे गव्हर्नर डिसँटिस तडकले, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का म्हणाले. मला आवडलं. मग दुसऱ्या तासात प्रश्न आला: ट्रम्प कोर्टात दोषी ठरले आणि तरी पक्षाने त्यांनाच उभं केलं, तर पाठिंबा कोण देईल? रामस्वामींचा हात खटकन वर. आणि डिसँटिस? त्यांनी आधी मान वळवून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बाकीच्यांचे हात मोजल्यासारखे केले आणि मग आपला वर केला. मी तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन बघितला. परीक्षेत शेजारच्या पेपरात डोकावणारं पोर असंच करतं. फ्लोरिडात त्यांनी केलेलं काम मला पटतं, आज सकाळपर्यंत माझं नाव त्यांच्याच पारड्यात होतं. त्या दोन सेकंदांत गेलं.

हचिन्सन यांचा हात खालीच. ख्रिस्तींनी नुसतं बोट नाचवलं. बाकी सहा हात वर, पेन्स यांचासुद्धा. ट्रम्प यांचे उपाध्यक्ष असताना ज्यांच्या नावाने 2021 च्या 6 जानेवारीला ट्रम्पसमर्थक कॅपिटॉलवर (तिथल्या संसदेवर) "फाशी द्या" असं ओरडत होते, ते पेन्स! आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग हात दुखत नसेल का त्याचा?"

निकी हेली मात्र मनात भरल्या. कर्ज नुसतं बायडन यांनी केलं नाही, आपल्याच पक्षाने केलं, ट्रम्प यांच्या काळात 8 लाख कोटी डॉलरची भर पडली, हे स्वतःच्याच लोकांसमोर तोंडावर सांगितलं. गर्भपातावर पेन्स तत्त्वं सांगत होते, तिथे बाईंनी हिशोब मांडला: देशभर बंदीला सिनेटमध्ये 60 मतं लागतात, ती आहेत का तुमच्याकडे? असं बोलणारं माणूस मला मत द्यायला पुरतं.

(आईचं मत बर्गम यांना. आदल्या दिवशी बास्केटबॉल खेळताना टाचेमागची शीर तुटली, तरी गडी दोन तास उभा. "आणि मला म्हणे वॉकर!")

आता प्रश्न. आयोवाचं कॉकस 15 जानेवारीला आहे. रिपब्लिकन कॉकसला पोस्टाने मत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाही. स्वतः संध्याकाळी सातला शाळेच्या किंवा चर्चच्या हॉलमध्ये जाऊन बसायचं, भाषणं ऐकायची, कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं. मी ज्यांना देणार त्या हेली आज एक आकडी टक्क्यांत आहेत. आईला पंधरा दिवस बाईच्या भरवशावर ठेवून, सव्वा लाखाचं तिकीट काढून एक चिठ्ठी टाकायला जावं का?

पेठेतला_जुना | 24 ऑगस्ट

साहेब, तुमचं दुखणं श्रीमंतांचं आहे. आम्ही जनसंघापासूनचं घराणं, उमेदवार कोण हवा हे आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. फेब्रुवारीतली कसब्याची पोटनिवडणूक घ्या. आमच्या आमदार मुक्ताताई टिळक गेल्या, तिकीट टिळकांच्या घरात द्यायचं की नाही यावर ओट्या-ओट्यावर चर्चा. पण ती ओट्यावरच राहिली, निर्णय वरून आला. खासदार बापट आजारी असताना नाकाला नळी लावून प्रचाराला आले. तरी 1995 पासूनची जागा काँग्रेसच्या धंगेकरांनी सुमारे अकरा हजारांनी नेली. आमचे उमेदवार रासने माणूस वाईट नव्हे हो. पण रासने, टिळक आणि आणखी दोघं टिळक स्मारकात एका व्यासपीठावर उभे राहून आमच्यासमोर भांडले असते, तर निदान हरलो ते आमच्या हाताने, असं म्हणता आलं असतं.

तुम्ही जाच. आमच्या वतीनेही एक चिठ्ठी टाका, तेवढी चालत असेल तर.

एडिसनकर | 24 ऑगस्ट

मी ट्रम्पवाला, लपवत नाही. जो चाळीस टक्क्यांनी पुढे आहे, तो एक-दोन टक्केवाल्यांबरोबर भांडायला कशाला येईल? लोकांनी चार वर्षं त्यांना बघितलंय. हेलीबाई युक्रेनला पैसे द्या म्हणतात, त्यावर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. उधारी नको ना तुम्हाला? तिकिटाचे पैसे वाचवा.

मुक्काम_कर्वेनगर | 24 ऑगस्ट

@एडिसनकर, युक्रेनचा मुद्दा रास्त आहे, मला त्यावर अडचण आहेच. पण "लोकांनी बघितलंय" हे पटत नाही. यंदा जानेवारीत इथे कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. मागची गदा घरी आहे म्हणून कुणाला घरबसल्या नवी देत नाहीत, मातीत उतरावंच लागतं.

वसुधा_डहाणूकर | 25 ऑगस्ट

मी राजकारणातलं बोलत नाही. खुब्याचं ऑपरेशन माझ्या सासूबाईंचंही झालं. आठ-दहा महिन्यांनी त्यांना वाटू लागलं की आता आपण चालू शकतो, आणि रात्री उठून त्या दुसऱ्यांदा पडल्या. जानेवारीत तुमच्या आई त्याच टप्प्यावर असतील. तिकीट काढण्याआधी रात्रीची बाई महिनाभर घरात ठेवून बघा. आणि बाथरूमात दोन्ही बाजूंना दांड्या बसवून घ्या, एका बाजूची पुरत नाही.

मुक्काम_कर्वेनगर | 17 जानेवारी 2024

धागा वर काढतोय, कारण तिघांनी निरोपात विचारलं. गेलो नाही. वसुधाताईंचं ऐकलं, दुसरी दांडीही बसवली.

तिथे सोमवारी संध्याकाळचे सात म्हणजे इथे काल पुन्हा पहाटेचे साडेसहाच. संक्रांतीचा दुसरा दिवस, आईने किंक्रांतीला शुभ काही करायचं नसतं म्हणून आधीच बजावलेलं. आयोवात तापमान उणे वीसच्या आसपास. शेजाऱ्याचा मेसेज आला की हॉलमध्ये कुणी टोपी काढायला तयार नाही. चहा उकळेपर्यंत ट्रम्प जिंकले असं जाहीरही झालं, तेव्हा कित्येक हॉलमध्ये चिठ्ठ्या पडायच्या होत्या. ट्रम्प 51 टक्के, डिसँटिस 21, हेली 19. रामस्वामींनी रात्रीच माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला. हात खटकन वर गेला होता, ते आठवलं.

पण 99 काउंट्यांपैकी एक ट्रम्प यांना मिळाली नाही. ती माझी, जॉन्सन. तिथे हेली जिंकल्या, एका मताने.

आईला सांगितलं. ती तीळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तू गेला असतास तर दोन मतांनी."

एडिसनकर | 17 जानेवारी

98 आमच्या, 1 तुमची. तिळगूळ घ्या, गोड बोला.