सणाच्या जेवणात शाकाहारी माणसासाठी मुख्य पदार्थ हवाच का?

ओंजळ (धागाकर्ती)
गेल्या सणाला आमच्याकडे चौदा माणसं जेवायला होती. टेबलाच्या मधोमध अख्खं भाजलेलं मांस आणि भोवती सहा-सात भाज्या, सॅलड, ब्रेड. वाढून झाल्यावर माझं लक्ष थोरल्या जाऊबाईंच्या लेकीच्या ताटाकडे गेलं. तीन वर्षांपासून ती शाकाहारी आहे. ताटात बटाटे, वाफवलेल्या शेंगा आणि ब्रेड. मी विचारलं, "एवढ्यानं भागेल का गं?" ती म्हणाली, "हो काकू, सवय आहे." ते "सवय आहे" अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

जेवायला एक जरी शाकाहारी माणूस असेल, तरी त्याच्यासाठी मुख्य पदार्थ हवा, आणि तो देखणा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. चार तोंडीलावणी एकत्र केली म्हणून जेवण होत नाही. मुख्य पदार्थ टेबलावर येतो तेव्हा गप्पा थांबतात, तो सगळ्यांसमोर कापला जातो, त्याच्यासाठी कुणीतरी सकाळपासून राबलेलं असतं. एकाच टेबलावर काहींना तो मान मिळतो आणि काहींना नाही. याला आपल्याकडे पंगतिभेद म्हणतात.

शेगडी
ओंजळताई, भावना कळली, पण मला पटत नाही. दरवर्षी बारा-पंधरा जणांचा स्वयंपाक मी एकहाती करते. ओव्हन एकच, शेगड्या चार. मांस तीन तास ओव्हन अडवून बसतं. त्यात एका माणसासाठी दुसरा "मुख्य" पदार्थ कधी करायचा? आज शाकाहारी, उद्या कुणाला दूध चालत नाही, परवा कुणाला गहू. सहा भाज्या मनापासून करते, त्यातल्या चार सगळ्यांना चालतात. याला पंगतिभेद म्हणणं माझ्या कष्टांवर अन्याय आहे.

उंबरठा
शेगडीताईंशी सहमत. मी शाकाहारी घरी जेवायला जातो तेव्हा माझ्यासाठी कुणी मांस शिजवत नाही, आणि माझी तशी अपेक्षाही नसते. मग नियम एकाच बाजूला का?

ओंजळ
उंबरठा, शाकाहारी घरी तुम्हाला टेबलावरचं सगळं खाता येतं. यजमानांनी जे सगळ्यांत जीव ओतून केलं, तेही. माझ्या पुतणीला नेमकं तेच खाता येत नव्हतं. म्हणून ही तुलना बरोबर नाही.

शेगडीताई, तुमचे कष्ट मी नाकारत नाही, मीही त्यातूनच जाते. पण ओव्हनचं एक सांगते. मोठं मांस बाहेर काढल्यावर लगेच कापत नाहीत. वीस-तीस मिनिटं तसंच राहू देतात, नाहीतर कापताना रस वाहून जातो. तेवढा वेळ ओव्हन तापलेला असतो आणि रिकामा असतो. आदल्या दिवशी भाजून, सारण भरून ठेवलेला भोपळा त्या वेळात आतपर्यंत गरम होतो, वरून खरपूसही होतो.

पानगळ
मी वीस वर्षं शाकाहारी आहे आणि तरी माझं मत धागाकर्तीच्या विरुद्ध आहे. कृपया माझ्यासाठी "खास" काही करू नका. ती वेगळी बशी आली की सगळं टेबल माझ्याकडे वळतं. मग तू मांस का खात नाहीस, अंडं तरी चालतं का, प्रोटीन कुठून मिळतं. सणाच्या दिवशी मला माझ्या ताटावर भाषण द्यायचं नसतं. मांसासारखं दिसणारं, मांसासारखं लागणारं काही आणलं तर मला ते गिळवतही नाही.

मला हवं असतं खरं उत्तर. "भाज्या सगळ्या शाकाहारीच आहेत" असं म्हणतात, आणि नंतर कळतं की बटाटे चरबीत परतलेत, रस्सा हाडांच्या पाण्यात केलाय, सारण पक्ष्याच्या पोटात भरून भाजलंय. ते सारण मांसाचा रस पिऊनच शिजतं, वरून कितीही ब्रेड आणि कांदा दिसू दे. गोडातलं जिलेटिन हाडा-कातड्यांपासून येतं. अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा घटक, असतं. वूस्टरशायर सॉसमध्ये मूळ कृतीप्रमाणे अँचोव्ही मासे असतात. शेगडीताई, तुमच्या चार भाज्यांपैकी या सगळ्यांतून किती सुटतात, एकदा बघाल का? तेवढं झालं तर मला दुसरं काही नको.

शेगडी
पानगळ, खरं सांगते, हाडांचं पाणी मी रश्शात घालते आणि तो रस्सा दोन भाज्यांवर जातो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यापुढे ते वेगळं ठेवीन. मुख्य पदार्थाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

हिशेबी
इथे सगळे मानाबद्दल बोलताहेत, मी पोटाबद्दल बोलतो. शिजवलेल्या कोंबडीच्या छातीच्या 100 ग्रॅम मांसात साधारण 30 ग्रॅम प्रथिनं असतात. शिजवलेल्या मसुरात किंवा काबुली चण्यात सुमारे 9. उकडलेल्या बटाट्यात जेमतेम 2. बटाटे, शेंगा, ब्रेड खाऊन उठलेल्या मुलीला लवकरच पुन्हा भूक लागली असणार. म्हणून पानगळ, तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. ताटात एक तरी पदार्थ कडधान्य, टोफू, पनीर, असं काही असलेला हवा. त्याला मुख्य म्हणा किंवा म्हणू नका.

एक सावधगिरी. राजमा करणार असाल तर आधी भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचा विषारी घटक असतो. स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, कच्चा राजमा थेट टाकला तर तो पुरेसा तापत नाही, घटक तसाच राहतो आणि पाहुण्यांना उलट्या होऊ शकतात.

उंबरठा
मान, पोट, सगळं मान्य. पण चवीचं काय? मी खाल्लेले असे "शाकाहारी मुख्य पदार्थ" म्हणजे ओलसर, मऊ, एकाच चवीचा गोळा. उरतो आणि दुसऱ्या दिवशी टाकला जातो.

खरपूस
उंबरठा, तुम्ही खाल्लेला गोळा वाईट होता हे मान्य. पण तो भाज्यांचा दोष नव्हता, करणाऱ्यानं काही गोष्टी सोडून दिल्या होत्या. मी बरीच वर्षं मोठ्या स्वयंपाकघरात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाजलेल्या मांसाची जी ओढ वाटते, तिच्यातला मोठा वाटा मांसाचा नसून भाजण्याचा असतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांची तापल्यावर जी क्रिया होते, तिचं वर्णन लुई-कामिय मायार यांनी 1912 साली केलं. स्वयंपाकात ती साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते. पाणी शंभरावर उकळतं, त्यामुळे पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर तो खरपूस होतच नाही. मश्रूममध्ये 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कढईत गर्दी केली की ते आपल्याच पाण्यात शिजतात आणि राखाडी, लिबलिबीत होतात. पसरट भांडं, थोडे थोडे मश्रूम, मोठी आच, आणि पाणी आटेपर्यंत धीर. मग बघा रंग. ते जास्त शिजले तरी त्यांचा लगदा होत नाही, कारण त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा चिवट, शिजूनही टिकणारा घटक असतो. म्हणून दाताखाली काहीतरी लागायला हवं असेल तर मश्रूम घ्यावेत.

दुसरी गोष्ट चवीच्या खोलीची. किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या रश्शासारख्या भरीव चवीला उमामी म्हटलं. ते पिकलेल्या टोमॅटोत असतं, सोया सॉसमध्ये असतं, मुरलेल्या चीजमध्ये असतं. सुकवलेल्या शिटाके मश्रूममध्ये ग्वानिलेट नावाचा दुसरा चवीचा घटक असतो, आणि ग्लुटामेट व ग्वानिलेट एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणून सुके मश्रूम भिजवलेलं पाणी कधी ओतून देऊ नका. गाळून घ्या आणि टोमॅटोची पेस्ट तेलात गडद होईपर्यंत परतून त्यात घाला. हाडांच्या पाण्याशिवाय रस्सा होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा एकदा करून बघावा.

आणि आकार! त्याला कापा पडायला हव्यात. अख्खा भोपळा, अख्खा फ्लॉवर, पेस्ट्रीत गुंडाळलेलं मसूर-मश्रूमचं सारण. वर कुरकुरीत, आत ओलसर, शेजारी काहीतरी आंबट. नुसता मऊपणा दोन घासांत कंटाळवाणा होतो.

पानगळ
खरपूस, तुमचा प्रतिसाद वाचून भूक लागली. पण असं चांगलं केलं की काय होतं तेही सांगते. मागे एका घरी मसुराचा सुरेख रोल केला होता, अगदी मोजका. मांस खाणाऱ्यांनी "चव तरी बघू" म्हणून एकेक काप घेतली आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर ताटली रिकामी. करायचंच असेल तर सगळ्यांना पुरेल एवढं करा. मग ते "माझं" राहत नाही, माझ्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि माझी मूळ तक्रारही मिटते.

शेगडी
हे मला जमण्यासारखं वाटतंय. सहा भाज्यांऐवजी तीनच करायच्या आणि त्या तीन भाज्यांचा वेळ एका मोठ्या पदार्थाला द्यायचा. मांस राहणारच, ते मी कमी करणार नाही. आणि दूध-गहू न चालणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळं काही करणंही मला शक्य नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

ओंजळ
पानगळ, तुम्ही म्हणता ते मला सुचलंच नव्हतं. मी पुतणीसाठी एकटीपुरता छोटा भोपळा भरणार होते, म्हणजे पुन्हा तिला वेगळं बसवल्यासारखंच झालं असतं. आता दोन मोठे आणते. सारणात मसूर, मश्रूम आणि अक्रोड घालायचा विचार आहे. चौदा जणांत कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, ते आज फोन करून विचारते. खरपूस, अक्रोड काढावे लागले तर कुरकुरीतपणासाठी दुसरं काय घालू?

खरपूस
ब्रेडचा जाड चुरा तेलात लसणाबरोबर लालसर परता. त्यात भोपळ्याच्याच बिया भाजून घाला. त्याही कुणाला बाधत नाहीत ना, ते त्याच फोनवर विचारून घ्या. आणि हे सारणात मिसळू नका, वाढायच्या आधी वरून पसरा, नाहीतर ओलाव्यानं मऊ पडेल.