'ल दझिएम आक्त': विनोद नक्की कुणावर?

प्रश्न:
फ्रेंच दिग्दर्शक काँतँ द्युपियच्या या चित्रपटावर (२०२४) फिल्म क्लबात चर्चा घ्यायची आहे. यातली पात्रं म्हणजे सिनेमाचं शूटिंग करणारे नटच. विली ट्रान्स व्यक्तींबद्दल नको ते बोलतो, डेव्हिड 'आपलं शूटिंग चालू आहे' म्हणून त्याला थोपवतो. ही पूर्वग्रहाची टर आहे की त्याच्या हाती दिलेला माइक? चर्चा 'आवडला, नाही आवडला' यावर अडकू नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद १:
दोघं चालत बोलतात तो प्रसंग पुन्हा लावा आणि कागदावर तीन रकाने आखा: बोलणारा, ज्याच्याबद्दल बोललं जातं तो, उत्तर देणारा. मधल्या रकान्यातलं कुणीच पडद्यावर नाही, हे लगेच दिसेल. मग कॅमेरा बघा. शॉट लांबलचक, सलग आहे. ऐकणाऱ्याचा चेहरा कट करून दाखवला की प्रेक्षकाला बाजू कळते. ती सोय इथे नाही, सगळा भार डेव्हिडवर. आणि त्याला धास्ती आहे ती लोक तुटून पडतील याची. ज्याला लागेल त्याची फारशी नाही. माझ्या मते द्युपियचा नेम या भित्र्या सभ्यतेवर आहे, आणि तो अचूक आहे. तरी मधला रकाना रिकामाच राहतो.

घोटाळा होतो तो थरांचा. नट इथे नटाचंच काम करतोय. वाक्य कथेतल्या पात्राचं की ते साकारणाऱ्या 'नटा'चं, हे आधी ठरवा. नाहीतर विलीचं मत थेट दिग्दर्शकाच्या माथी मारलं जातं.

प्रतिसाद २:
सेदू, लँदों, गारेल, केनार: चारही मुख्य कलाकार गोरे आहेत, हेही मांडा. मात्र फ्रान्सची चौकट सांगूनच. तिथल्या घटनात्मक परिषदेने २००७ मध्ये वंशाच्या आधारावर आकडेवारी गोळा करायला मनाई केली. टीव्हीवरच्या वैविध्याची पाहणी होते, पण वंशाच्या बाबतीत पडद्यावरची व्यक्ती बघणाऱ्याला कशी 'वाटते' एवढंच त्यात नोंदवतात. २०१८ मध्ये १६ कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय अभिनेत्रींनी मिळून 'काळी असणं हा माझा पेशा नाही' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी त्या कान चित्रपट महोत्सवाच्या पायऱ्यांवर एकत्र उभ्या राहिल्या. चर्चेला तो संदर्भ हवाच.

प्रतिसाद ३:
स्तेफानला विसरू नका! वाइन ओतताना ज्याचा हात थरथरतो तो एक्स्ट्रा. चौघे नामवंत, हा अनोळखी, आणि पुन्हा पुन्हा टेक बिघडतो. प्रतिनिधित्व वर्गाचंही असतं, आणि इथे दुबळ्या जागेवरचा माणूस प्रत्यक्ष पडद्यावर आहे. चौघे त्याच्याशी कसं वागतात, हे त्याच तीन रकान्यांत भरा.

प्रश्नकर्ता:
मग सुरुवात वाइनच्या प्रसंगापासून करतो, विली-डेव्हिड नंतर.