नेवाडाचा कल ओळखायचा कसा?

वाटसरू: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत नेवाडा राज्याची इलेक्टोरल मतं (राज्यागणिक ठरलेली मतं) फक्त 6. तिथे 2016 आणि 2020 ला डेमोक्रॅट जिंकले, 2024 ला ट्रम्प. 2028 चा अंदाज बांधताना नेमकं काय पाहावं? पक्षनिहाय मतदारनोंदणीचे आकडे उपयोगी पडतात का?

आकडेमोड: आधी क्लार्क काउंटी (काउंटी म्हणजे जिल्हा) पाहा, म्हणजे लास वेगस आणि आसपासचा भाग. राज्यातल्या दर 10 मतांपैकी जवळपास 7 तिथली. 2020 ला बायडन तिथे 90,922 मतांनी पुढे होते, पण राज्य जिंकलं 33,596 मतांनी. म्हणजे क्लार्क सोडून उरलेल्या राज्यात ते 57 हजारांनी मागेच होते. 2024 ला हॅरिस यांची क्लार्कमधली आघाडी 30 हजारांच्या आत आली, ग्रामीण काउंट्या आणखी रिपब्लिकनांकडे सरकल्या आणि ट्रम्प 3 टक्क्यांनी जिंकले.

ठोकताळा असा: वाशो काउंटी (रीनो) बरोबरीत सुटली, तर ग्रामीण भागाची भरपाई करायला डेमोक्रॅटांना क्लार्कमध्ये साधारण 7 टक्क्यांची आघाडी लागते. वाशोत 3 टक्क्यांची आघाडी मिळाली तरी क्लार्कचं गणित टक्क्याहूनही कमीच हलतं. म्हणून सगळं लक्ष क्लार्कवर.

नोंदणीवर मात्र विसंबू नका. वाहन परवान्याच्या कार्यालयात आपोआप नाव नोंदलं जातं आणि पक्ष निवडला नाही तर मतदार अपक्ष ठरतो. त्यामुळे आता अपक्षांची संख्या दोन्ही पक्षांपेक्षा जास्त आहे. लवकर मतदानात कोणत्या पक्षाच्या किती मतपत्रिका आल्या हे कळतं, पण या अपक्षांनी कुणाला मत दिलं ते त्यात दिसत नाही. अंदाज चुकतात ते इथेच.

टपालपेटी: मतमोजणीच्या रात्री घाई करू नका, हेही सांगायला हवं. प्रत्येक सक्रिय मतदाराला मतपत्रिका टपालाने जाते. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल, तर चार दिवसांनी पोचलेलीही 2024 पर्यंत धरली गेली. सही जुळली नाही तर सहाव्या दिवसापर्यंत ती दुरुस्त करता येते. उशिरा मोजली जाणारी क्लार्कची टपाली मतं बहुधा डेमोक्रॅटांकडे झुकतात. 2022 ला डेमोक्रॅट कॅथरीन कॉर्तेझ मास्टो आधी मागे होत्या, शेवटी 7,928 मतांनी सिनेटवर गेल्या.

मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचं करणारी राज्याची घटनादुरुस्तीही ध्यानात ठेवा. 2024 ला ती मंजूर झाली, पण लागू व्हायला 2026 लाही मंजुरी लागते. त्यात टपाली मतपत्रिकेवर परवान्याचे किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिण्याची अट आहे.

वाटसरू: म्हणजे कॅसिनो-हॉटेलांतल्या कामगारांचा कौल निर्णायक म्हणायचा?

आकडेमोड: बराचसा. या कामगारांच्या कलिनरी युनियनचे जवळपास 60,000 सदस्य आहेत आणि युनियन दारोदार प्रचार करते. टिपांवरचा कर काढण्याचं आश्वासन 2024 ला दोन्ही उमेदवारांनी वेगसमध्येच दिलं, ते उगाच नाही. आणि मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय असतो, तो विसरू नका. 2016 ला त्याला 28,863 मतं पडली, आणि क्लिंटन यांचं मताधिक्य होतं 27,202.