इन्क्विझिशन ‘आणलं’ की ‘मागितलं’?

पुणे: भाषांतरात अडले आहे. फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारकाबद्दल मी ‘गोव्यात इन्क्विझिशन आणणारा संत’ असं लिहिलं. संपादक म्हणतात बरोबर, मडगावची मैत्रीण म्हणते साफ खोटं. आणि इन्क्विझिशनला, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या कॅथलिक न्यायालयाला, ‘धर्मन्यायालय’ चालेल का?

फोंडा: ताई, घोळ क्रियापदाचा आहे. झेवियर गोव्यात उतरले मे १५४२मध्ये. १६ मे १५४६ला इंडोनेशियातल्या आंबोन बेटावरून त्यांनी पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला पत्र लिहिलं, त्यात इन्क्विझिशनची मागणी आहे. ते वारले ३ डिसेंबर १५५२ला, चीनच्या किनाऱ्याजवळ. न्यायालय बसलं १५६०ला. म्हणजे ‘मागितलं’ पक्कं. ‘आणलं’ म्हणाल, तर वारून आठ वर्षं झालेल्या माणसाला कामाला लावलंत.

मडगाव: पत्रात तक्रार कुणाची आहे तेही सांगा की. मोशेचा आणि महंमदाचा, म्हणजे ज्यू आणि मुसलमान धर्म पाळणाऱ्यांची. त्या वाक्यात हिंदू नाहीत. आमच्या गोंयच्या सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, नावावर सगळंच खपवतात.

फोंडा: मान्य. पण पुढच्या काळात खटले मुख्यतः बाटलेल्या हिंदूंवर झाले, चोरून जुने विधी केले म्हणून. आणि बाप्तिस्म्यानंतर मूर्तींची घरं पाडायला, मूर्ती फोडायला लावतो, हे १५४५च्या पत्रात झेवियर स्वतःच लिहितात. तेव्हा ‘छळाशी संबंध नाही’ हेही टिकत नाही.

मुंबई: आमच्याकडे तर ‘इन्क्विझिशनने देवळं पाडली’ असं सर्रास म्हणतात. गोव्यातल्या तिसवाडीतली देवळं १५४०लाच सरकारी हुकमाने गेली. तेव्हा झेवियर यायचे होते आणि इन्क्विझिशनही. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, तीही सत्तेच्या धाकाने. पोर्तुगीज सरकार, पाद्री आणि न्यायालय या तिघांना एकच नाव दिलं की इतिहासकारांचं अर्धं भांडण तिथेच सुरू होतं.

मडगाव: ‘बाटलेल्या’ हा शब्द मात्र खटकला. बाटणं म्हणजे विटाळणं. माझे पूर्वज विटाळले का?

फोंडा: चुकलं. ‘धर्मांतरित’ म्हणायला हवं होतं. घरात तोच शब्द ऐकत वाढलो.

नाशिक: ‘छळ’ची गंमत पाहा. संस्कृतात छल म्हणजे कपट, मराठीत झाला जाच. सासूचाही छळच आणि इन्क्विझिशनचाही. म्हणून नुसतं ‘छळ’ लिहून भागत नाही. कैद, मालमत्तेची जप्ती, जाळणं, जे घडलं ते नाव घेऊन लिहा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चौकशी. त्यासाठी ‘धर्मसमीक्षण’ हा दुसरा शब्द वाचला की मला पुस्तक परीक्षण आठवतं, आणि ‘धर्मन्यायालय’ वाचून आमच्या नातवाला धर्मादाय आयुक्तांची कचेरी वाटली. इन्क्विझिशनच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावा.

पुणे: ‘राजाकडे इन्क्विझिशनची मागणी करणारे झेवियर’ असं केलं. आता संपादक ‘करणारे’वर अडलेत. ‘करणारा’ करा म्हणतात, इतिहासात आदरार्थी नको.

नाशिक: त्याच पुस्तकात शिवाजी महाराज ‘आला’ आहेत का?

पुणे: ‘आले’ आहेत.

नाशिक: मग झालं की.

पुणे: पोर्तुगालच्या राजाला मात्र मी एकवचनातच ठेवलंय. त्याच्यासाठी अजून कुणी भांडलेलं नाही.