गावच्या रस्त्याला कॅट-आय: मधोमध की कडेला?

फाट्यावरचा: मुरबाड तालुक्यात फाटा ते शाळा १.२ किमी डांबरी रस्ता, रुंदी ५.५ मी. तीन वळणं, एक मोरी, दिवे नाहीत. पांढरे पट्टे पावसात रात्री दिसतच नाहीत. ग्रामपंचायत कॅट-आय (रस्त्यावर बसवायचे चमकणारे स्टड) लावायचं म्हणतेय. किती लागतील? आधीचे एपॉक्सी गोंदाने चिकटवलेले पहिल्याच पावसाळ्यात उखडले.

खडीकाम: पट्ट्यातले काचेचे मणी पाण्याच्या थराखाली बुडतात, मग हेडलाइटचा उजेड परत येत नाही. स्टड पाण्याच्या वर राहतो, म्हणून दिसतो. मधल्या रेषेवर लावायचे तर सरळ रस्त्याला १८ मी., वळणावर ९ मी. अंतर. तीन वळणांचे मिळून ३०० मी. धरले तर ३४, उरलेल्या ९०० मी.ला ५०. म्हणजे ८४, फुटतुटीला आठ-दहा जास्त. रहदारी दोन्हीकडची, तेव्हा दोन्ही बाजूंनी चमकणारेच घ्या. आणि रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा ते आधी बघा, लेखी परवानगी तिथूनच.

डांबरगोळी: उखडले ते डांबरावर एपॉक्सी लावल्यामुळे असणार. काढलेला स्टड उलटा करून बघा. तळाला खडी चिकटलेली असेल तर एपॉक्सी धरून राहिलं, डांबरच सुटलं. तळ गुळगुळीत असेल तर खाली धूळ किंवा ओल होती. डांबरी रस्त्याला गरम करून ओतायचं बिटुमिनस अ‍ॅडेसिव्ह (डांबरी मसाला) बरं. एपॉक्सी काँक्रीटवर.

काम दिवाळीनंतर, रस्ता खडखडीत कोरडा असताना. तारेच्या ब्रशने घासा, ब्लोअर मारा. पट्ट्याच्या रंगावर चिकटवू नका, रंगाचा पापुद्रा निघाला की स्टडही गेला. भेग आणि सांधा टाळा. १० × १० सेंमी तळाला ३ मिमी थर म्हणजे ३० मिली, बाहेर येणारं धरून ४०-५०. दाबल्यावर चारही बाजूंनी मसाला बाहेर आला पाहिजे. एक कोपरा जरी पोकळ राहिला तरी टायर तिथूनच उचलतो. भिंगावर लागलेला लगेच पुसा.

रस्त्यात भोक पाडून बसवायचा दांड्याचा अ‍ॅल्युमिनियम स्टड जास्त टिकतो, पण भोकातला भुगा फुंकून काढला नाही तर तोही हलतो.

साइडपट्टी: ८४ला माझा विरोध. ५.५ मीटरवर समोरून काही येत नसेल तर सगळे मधूनच चालवतात, चाक रोज स्टडवर. मधोमध फक्त वळणांवर लावा. बाकी पैसा कडेला घाला: वळणाच्या बाहेरच्या बाजूला रिफ्लेक्टर लावलेले खांब, मोरीच्या कठड्यांच्या तोंडावर काळ्या-पिवळ्या तिरप्या पट्ट्यांच्या पाट्या. खांबांवर तांबडा चिखल उडणार, पावसाळ्यात अधूनमधून फडकं मारावं लागेल.

स्पीडब्रेकर म्हणून आडव्या रांगा मात्र नकोत. ओल्या रस्त्यावर दुचाकी घसरते आणि शेजारच्या घरांना रात्रभर खडखडाट.

फाट्यावरचा: सोलरचे कसे? शाळेजवळ दोन्ही बाजूंना आंबे आहेत.

डांबरगोळी: सावलीत चार्ज होत नाहीत. शिवाय पावसाळी ढगात बॅटरी मंदावते, नेमकी गरज असते तेव्हाच. साधेच लावा.