मदत हवी आहे: पोरांना ओपन सोर्सच्या कामाला कसं लावू?

नमस्कार मंडळी, मी जळगावकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. दरवर्षी फायनल इयरला तेच लायब्ररी मॅनेजमेंटचं प्रोजेक्ट, सबमिशन झालं की सीडी कपाटात, कुणाच्या कामाला येत नाही, जीव तुटतो बघून. यंदा पोरांना लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या ओपन सोर्स कामावर बसवायचंय, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि कुणीही त्यात भर घालू शकतो असं सॉफ्टवेअर. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या प्रोग्रामर लोकांनी मदतकार्यासाठी 'सहाना' हे सॉफ्टवेअर उभं केलं, दवाखान्यांसाठी रुग्णांच्या नोंदी ठेवणारं 'ओपनएमआरएस' आहे, तसलं काहीतरी.

परवा लॅबमध्ये ओपनस्ट्रीटमॅप (कुणालाही भर घालता येणारा ऑनलाइन नकाशा) उघडला तर धडगावकडची एक पोरगी सॅटेलाइट फोटोवर बोट ठेवून म्हणे सर हा आमचा पाडा, आणि नकाशात तिथे काहीच नाही! तिने तिथल्या तिथे घरं काढली, नाल्यापर्यंतची पायवाट पण.

आता अडचण अशी की सहकारी म्हणतात हे सिलॅबसमध्ये बसत नाही, आणि पोराने पाठवलेला कोड परीक्षेच्या आत त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी घेतलाच नाही तर मार्क कशावर द्यायचे? गिट (कोडमधले बदल सांभाळायचं टूल) कुणालाच धड येत नाही, आधी मराठी भाषांतर, बग तपासणं यावर बसवू की थेट कोडवर? कुणी आपल्या कॉलेजात हे केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, सोबतच्या मास्तरांना कसं तयार केलं तेही.