मदत हवी आहे: राजपत्र झालं, पण बोर्ड म्हणतं कोर्टाचा आदेश आणा

रानजाई:
बहिणीच्या जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव 'बेबी'. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात (भाग दोन) नवं नाव छापून आलं, त्यावर आधार आणि पॅन बदलले. दहावी-बारावीचं बोर्ड सीबीएसई. त्यांचं लेखी उत्तर: राजपत्र आहे, आता न्यायालयाची घोषणा जोडा. साधा अर्ज चालतो की दावाच लावावा लागतो? प्रतिवादी कोण? आणि राजपत्र वाया गेलं का?

बोरू:
राजपत्र म्हणजे सरकारी पुरावाच की. कोर्ट कशाला? पुन्हा अर्ज करा, राजपत्राची प्रत ठळक लावून.

कनिष्ठ_स्तर:
बोरू, आधार-पॅनला ते चालतं, इथे नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई (2021) हा निकाल बघा. मागितलेलं नाव शाळेच्या नोंदीशी किंवा जन्मदाखल्यासारख्या सार्वजनिक कागदाशी जुळत असेल तर ती दुरुस्ती, आणि बोर्डानं ती करून द्यायची. नाव नंतर स्वतःहून घेतलेलं असेल तर तो बदल. त्याला न्यायालयाची घोषणा, राजपत्र आणि मूळ प्रमाणपत्र परत करणं, तिन्ही लागतं. इथे जन्मदाखल्यावरच 'बेबी' आहे, म्हणजे दुसरा प्रकार.

रानजाई, दावाच लावायचा. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963, कलम 34 खाली, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्यापुढे. बहुतेक दावे दोन ठिकाणी फसतात.

पहिलं, प्रतिवादी. कलम 35 नुसार घोषणा फक्त दाव्यातल्या पक्षकारांवर बंधनकारक असते. कोणी हरकत घेऊ नये म्हणून बोर्डाला वगळून 'सर्वसामान्य जनता' असा प्रतिवादी घातला, तर हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) मिळेल पण बोर्डाला तो पाळावा लागणार नाही. बोर्ड हवंच, सोबत शाळा. उलट शासनाला किंवा एखाद्या सरकारी अधिकाऱ्याला उगाच ओढू नका; मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस मागे लागते.

दुसरं, मागणी. नुसती घोषणा मागू नका. आणखी दाद मागता येत असताना मागितली नाही, तर कलम 34 च्या परंतुकाप्रमाणे (कलमाला जोडलेल्या अटीप्रमाणे) न्यायालय घोषणाच देत नाही. म्हणून दोन मागण्या लिहा: 'बेबी' आणि 'अमुक' ही एकच व्यक्ती असून वादीचं नाव आता 'अमुक' आहे असं घोषित व्हावं, आणि बोर्डानं त्या नावानं नवी प्रमाणपत्रं द्यावीत असा हुकूम व्हावा.

रानजाई:
बोर्ड हजरच झालं नाही तर?

कनिष्ठ_स्तर:
एकतर्फी चालेल, पण आपोआप सुटत नाही. सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र (वादीची शपथेवरची लेखी साक्ष) द्यावंच लागतं आणि कागदांवर निशाणी (पुरावा म्हणून न्यायालयाचा क्रमांक) पडावी लागते: जनरल रजिस्टरचा उतारा, जन्मदाखला, राजपत्र, बोर्डाचं नकाराचं पत्र. ते पत्र तारखेसकट जपा. मुदत अधिनियमाचा अनुच्छेद 58 दावा लावायला तीन वर्षं देतो, आणि नकारापासून मोजणी सुरू झाल्याचं समोरचा म्हणू शकतो.

दप्तरी:
स्पेलिंगचं कोणी बोललं नाही. प्रमाणपत्र रोमन लिपीत, दावा मराठीत. हुकूमनाम्यात फक्त देवनागरी नाव आलं तर बोर्डाचा बाबू फाइल परत पाठवणार. दाव्याच्या शीर्षकात आणि मागणीत दोन्ही लिप्यांत नाव लिहा, रोमन स्पेलिंग राजपत्रातलंच, अक्षरन् अक्षर. ते जुळलं तर राजपत्र वाया जात नाही. नाही जुळलं तर राजपत्र पुन्हा. हुकूमनाम्यात टंकनाची चूक राहिली तर नवा दावा नको, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 चा अर्ज पुरतो. बोर्डाला सही-शिक्क्याची नक्कलच द्या. नक्कलेचे अर्ज एकदम दोन-तीन प्रतींचे करा, पासपोर्टला लागतील.

आणि बहिणीला आधीच सांगून ठेवा: जिग्या यादव निकालाप्रमाणे नव्या प्रमाणपत्रावर जुनं नावही राहू शकतं, बदलाची तारीख आणि आधार यांच्या शेऱ्यासह. 'बेबी' पूर्ण पुसलं जाईलच असं नाही.